माझ्या पगाराच्या खात्यात ऑस्ट्रेलियाचे पैसे

काउंटरवरच्या पोरानं माझं पासबुक काचेखालून परत सरकवलं.

"आजी, यातून पैसे निघणार न्हाईत. खातं गोठवलंय."

"कुणी?"

"सायबर पोलिसांनी. हितले न्हाईत, दुसऱ्या राज्यातले."

मी म्हणाले, पोरा, नीट बघ, दुसऱ्या कुण्या बाईचं असेल. त्यानं नीट बघितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, शाखा लातूर, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. माझंच होतं. माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "काय आजीबाई, कुणाला गंडवलं?" दोघंतिघं हसले. मी त्याला म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला. घरी जाऊन इचार." मग पासबुक पिशवीत घातलं आणि बाहेर आले.

ही बँक नांदेडची. तिथून दोन चौक पलीकडं दवाखाना. दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर माझा मुलगा आणि माझी सून शेजारशेजारच्या खाटांवर हिरवे झगे घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेची एक किडनी काढून मुलाला बसवायची होती. चारच्या आत पैसे भरायचे होते. पैसे त्या खात्यात होते. सगळे त्याच एका खात्यात होते, आणि ते तिथं ठेवायला मीच लावलं होतं.

मी लिफ्टनं वर गेले आणि जे झालं ते सांगितलं. सुनेनं फोन हातात घेतला आणि बँकेला लावत राहिली. मुलगा म्हणाला, "माय, तुझ्या नावावर आता पोलीस केस हाय. आता निवडणुकीला उभी ऱ्हा."

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नव्हतं, तो उगाच बोलला होता. चार वाजले. साडेचारला नर्स आली आणि दोघांना म्हणाली, कपडे बदलून घ्या.

हे सगळं कसं झालं ते सांगते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बँकेचं मला जेवढं कळतं तेवढं मी आत्ता शिकले आहे, आधी कळलं असतं तर उपयोग होता.

आम्ही लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एका शिकवणीच्या क्लासमध्ये ऑफिसात होता. बाहेरगावच्या पोरांचे फॉर्म भरून घ्यायचे, आईबापांना खोली मिळवून द्यायची, असलं काम. पस्तिशीत त्याच्या पायावर सूज यायला लागली. आम्ही मीठ कमी केलं. सूज चढत चढत तोंडावर आली तेव्हा डॉक्टरांकडं गेलो. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते सरकारी कार्डावर व्हायचं, पण इंजेक्शनं, तपासण्या, रिक्षा, घरभाडं कार्डावर होत नाही. क्लासवाल्यांनी चार महिने वाट बघितली आणि दुसरा माणूस घेतला. मी असते तर मीही घेतला असता.

मग घर सुनेवर आलं. ती चाकूरकडची. लग्नाआधी तिनं बांधकामाच्या नकाशांचा डिप्लोमा केला होता. तिला कॉम्प्युटरवर ऑस्ट्रेलियातल्या एका बाईचं काम मिळालं. ती बाई तिकडं लोकांना स्वयंपाकघरं बांधून देते. मापं ती पाठवायची आणि सून नकाशे काढायची. त्या बाईकडं अशी सहा माणसं होती, सगळी वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना कुणी बघितलेलं नाही. तिकडं लवकर उजाडतं म्हणून सून पहाटे साडेचारला बसायची. मी चहा करून तिच्या मागं उभी राहायची. ओटा, खण, कपाटं, सगळं रेघांनी काढलेलं असायचं. एकदा मी विचारलं, ह्या कपाटात काय ठेवतेत?

"कचरा, आत्या."

"कचऱ्याला दार?"

"हाव. आन् ते आपोआप मिटतंय."

"आपल्या न्हाणीच्या दाराला कडी न्हाई," मी म्हणाले. ती हसली आणि पुढचं काढायला लागली.

काम चांगलं होतं. बाईही चांगली होती. अडचण होती ती पैसे इकडं येण्याची. बाईच्या बँकेतून निघताना बाईचे पैसे कापायचे. आमच्या बँकेत आल्यावर आमचे कापायचे. वर डॉलरचा भाव बाजारात एक आणि बँकेत कमी. आणि या दोन बँकांच्या मधे अजून एक बँक होती. ती कुठल्या देशात आहे, कुणाची आहे, ते सुनेलाही माहीत नव्हतं आणि आमच्या मॅनेजरलाही. तिनं आमचं कुठलं काम केलं नाही. पैसे तिच्या दारावरून जायचे एवढंच, आणि दर वेळी ती कापून घ्यायची.

बाई म्हणाली, तीन महिन्यांचे एकदम पाठवते, कापाकापी एकदाच होईल. हिशेब बरोबर होता. पण डायलिसिस तीन महिन्यांतून एकदा करता येत नाही. सुनेनं तिला कळवलं, दर पंधरा दिवसांनी पाठवा. म्हणजे दर पंधरा दिवसांनी कापलं जायला लागलं. चार दिवसांच्या इंजेक्शनांचे पैसे त्या मधल्या बँकेकडं जायचे.

मग बाईनं एक स्वस्त मार्ग काढला. परदेशातल्या माणसांना पैसे देण्यासाठी एक कंपनी आहे, सगळं फोनवर, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात, कापायचं ते चहापाण्याइतकं. बाकीच्या पाच माणसांना ती असंच द्यायला लागली होती. सुनेनं माहिती भरली. आठ दिवसांनी नकार आला. पुन्हा भरली, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा त्यांनी कारण लिहिलं. पॅन कार्डावरची बाई आणि बँक खात्यावरची बाई एक नाही.

एकच होती. मी दोन केल्या होत्या.

लग्न ठरलं तेव्हा कळलं की मुलीचं नाव आणि माझं नाव एकच. एका घरात एका नावाच्या दोन बायका कशा चालतील? हाक मारली तर कुणी ओ द्यायची? मुलगा म्हणाला होता, माय, राहू दे, तुला कोण नावानं हाक मारतंय? ते खरं होतं. नवरा मेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तरी मी ऐकलं नाही. आमच्यात लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. नाव मी निवडलं आणि त्यानं लिहिलं. पाहुण्यांना पेढे वाटले. मुलीला कुणी विचारलं नाही. माझंही लग्नात बदललंच होतं, मलाही कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, असंच असतं.

पुढं तिचं बँकेचं खातं, रेशन कार्ड नव्या नावानं झालं. पॅन कार्ड, डिप्लोमाचे कागद आणि बाईशी केलेला करार जुन्या नावाचा राहिला, कारण बाईनं शाळाकॉलेजचे कागद मागितले होते. लग्नाची नोंद आम्ही केलीच नव्हती. फोटो आहेत म्हणून कुणी गेलं नाही. ताटातलं नाव सगळ्या पाहुण्यांनी बघितलं, पण सरकारनं बघितलं नाही.

सून नाव बदलल्याची नोंद करायच्या मागं लागली. आधी लग्नाची नोंद, मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, मग पॅन. प्रत्येक ठिकाणी आधीच्याचा कागद लागायचा. डायलिसिसचे दिवस सोडून ती जायची. इकडं बाईनं कळवलं की तिला पाच जणांना एका मार्गानं आणि एकीला दुसऱ्या मार्गानं पैसे देणं परवडत नाही, लवकर काहीतरी कर. तिनं धमकी दिली नव्हती, पण अर्थ आम्हाला कळला.

तेव्हा नांदेडचा माणूस निघाला. सुनेच्या मावसभावाच्या ओळखीचा, चाळिशीचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बाहेरदेशाचं काम करणाऱ्या दहापंधरा पोरांचे पैसे तो आणून द्यायचा. त्याची रीत अशी. बाईनं तिकडून डॉलर पाठवायचे, पण बँकेतून नाही, फोनमधले डॉलर, क्रिप्टो का काय म्हणतात ते. ते याच्याकडं यायचे. तो ते इकडं कुणाला तरी विकायचा, आणि विकत घेणारा माणूस रुपये सरळ आपल्या खात्यात टाकायचा. मधली बँक नाही. कंपनी नाही. पॅन कार्डावरची बाई कोण, असं विचारणारं कुणी नाही. शंभराला एक रुपया त्याचा.

सुनेला ते पटत नव्हतं. ती म्हणाली, "आत्या, पैसे दर खेपेला वेगळा माणूस टाकणार. कोण, कुठला, काय ठाव?"

मी म्हणाले, "नोटेवर कुणाचं नाव असतंय का?"

"लई लोक अडकलेत म्हनं यात."

"लई लोक बसखाली बी आलेत. म्हनून कुणी घरी बसलंय का?"

मुलगा खाटेवरून म्हणाला, "मायला वकील करायला पायजे होतं." मग सुनेला म्हणाला, "कर. दुसरं काय हाय?"

खातं कुणाचं द्यायचं हा प्रश्न होता. मुलाच्या खात्यात टाकले तर मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता लगेच कापला जायचा. सुनेच्या खात्यावर त्या कंपनीच्या नकारानंतर बँकेनं दोनदा चौकशी केली होती. माझं खातं शांत होतं. त्यात महिन्याला सरकारचा म्हाताऱ्यांना मिळणारा पगार यायचा, बाकी काही नाही. मी म्हणाले, माझ्या खात्यात घाल. नाव तर तुझंच हाय.

हे मी विनोदानं म्हणाले होते. सुनेनं पासबुक घेतलं आणि नंबर लिहून घेतला.

सात महिने पैसे बिनचूक आले. मी पंधरा दिवसांनी बँकेत जायची, लागतील तेवढे काढायची, बाकी ऑपरेशनसाठी ठेवायची. बँकेतला शिपाई मला खुर्ची द्यायला लागला होता. मला ते आवडायचं. माझी किडनी साखरेमुळं डॉक्टरांनी नाकारली होती, सुनेची जुळली होती. ती दोघं नवराबायको आहेत हे दवाखान्यानं लग्नाच्या फोटोंवर आणि रेशन कार्डावर मान्य केलं होतं. निदान पैसे तरी माझ्या हातून जातायत, असं मला वाटायचं.

त्या सात महिन्यांत कधीतरी, दुसऱ्या राज्यातल्या कुणालातरी कुणीतरी फसवलं. त्या फसवलेल्या माणसाचे पैसे तीनचार खात्यांतून फिरले आणि त्यातले काही माझ्या खात्यात येऊन पडले. ज्यानं फोनमधले डॉलर विकत घेतले तो चोर होता. नांदेडच्या माणसाला ते माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. पोलीस पैशाच्या मागं चालत आले आणि ज्या ज्या खात्यात तो गेला ती सगळी बंद करत गेले. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी माझ्यापर्यंत पोहोचले.

नांदेडहून आम्ही एसटीनं परत आलो. दवाखान्यानं सांगितलं होतं, पैसे भरा, लगेच पुढची तारीख देतो. लोहा गाव मागं पडलं. मग मुलगा खिडकीला डोकं टेकवून झोपला.

लातूरचा बँक मॅनेजर भला माणूस. त्यानं एक कागद छापून दिला. त्यावर कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार, तिचा नंबर, सगळं होतं. सुनेनं त्या ठाण्याला फोन लावला. चौदा वेळा लावल्यावर एक हवालदार बोलला. हिंदीत म्हणाला, हे पैसे तुम्हाला कशाचे मिळाले ते दाखवा, कागद घेऊन या.

आम्ही कागद काढून चटईवर मांडले. बाईचा करार सुनेच्या माहेरच्या नावाचा. पैसे माझ्या खात्यात. ते टाकणारा तिसराच, ओळख ना पाळख. करारातली बाई माझी सून आहे हे दाखवायला रेशन कार्ड होतं, पण त्यावर तिचं आम्ही ठेवलेलं नाव. सहा वर्षं ती माझ्या हाताखाली स्वयंपाक करून राहिली आणि कागदावर ती आणि मी एकमेकींच्या कुणी लागत नव्हतो. मुलगा सगळे कागद बघून म्हणाला, "मी पोलीस असतो तर दोघींना बी आत टाकलं असतं."

त्या गावाला जायला दोन दिवसांची रेल्वे. सुनेशिवाय कुणी जाऊ शकत नव्हतं, आणि ती गेली तर इकडं त्याला दवाखान्यात कोण नेणार? मला दोन जिने चढवत नाहीत. ती गेली नाही. पोस्टानं कागद पाठवले. उत्तर आलं नाही.

मी एकटी नांदेडला त्या माणसाच्या दुकानावर गेले. पिशवीत चप्पल वेगळी घेतली होती, पायातली काढायला वेळ लागतो म्हणून. दुकान उघडं होतं. तो आत बसला होता, काचेत एकही फोन नव्हता. त्याची तिन्ही खाती बंद होती. पोरांचे बाप रोज येऊन शिव्या देऊन जात होते. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "आजी, तुमी बी?" मग खाली बसून रडायला लागला. त्याच्या बायकोनं चहा आणला. मी चहा प्याले आणि परत आले.

बाईला सुनेनं सगळं लिहिलं. बाईला वाईट वाटलं. तिनं एका महिन्याचे पैसे आगाऊ पाठवले, जुन्या मार्गानं, कापाकापीसकट. ती वाईट असती तर शिव्या देता आल्या असत्या. मॅनेजर वाईट नव्हता, हवालदार वाईट नव्हता, दवाखान्यातली नर्ससुद्धा कपडे बदला म्हणाली तेव्हा खाली बघत होती. आणि ज्याचे पैसे चोरीला गेले तोही कुणीतरी आमच्यासारखाच असेल.

सून नातेवाइकांकडं फिरली. चुलत दिरांनी थोडे दिले, तिच्या वडिलांनी थोडे दिले. निम्मेही झाले नाहीत. एका दुपारी ती परत आली, माठातलं पाणी प्याली आणि मला म्हणाली, "आत्या, नाव न्हाई बदललं तर काय झालं असतं?"

इतक्या वर्षांत तिनं तेवढंच एकदा विचारलं.

मी म्हणाले, "काय बी झालं न्हसतं."

तिनं भांडं माठावर पालथं घातलं. पहाटेचं काम राहिलं होतं, ते करायला बसली.

नांदेडहून आल्यावर नवव्या आठवड्यात मुलाला डायलिसिसच्या नळीच्या जागी ताप भरला. थंडी वाजायला लागली, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दवाखान्यात नेलं. जंतू रक्तात गेले होते. तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माय, पगार झाला का गं तुजा?" मी म्हणाले, खातं बंद हाय, कसला पगार? तो म्हणाला, "आयला, ते बी गेलं व्हय." नंतर तो नीट असं काही बोलला नाही. बुधवारी सकाळी गेला. तो त्याच्या डायलिसिसचा दिवस होता.

मी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशन झालं असतं तर? ते म्हणाले, आजी, ऑपरेशननंतरही असं होतं कधीकधी. होत असेल. मी त्यांचं खोटं म्हणत नाही. पण मला जे माहीत आहे ते एवढंच की तारीख होती, खाट होती, किडनी होती, आणि पैसेही होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सून पुन्हा पहाटे बसली. मी चहा केला. पुढं दोन महिन्यांनी राजपत्र आलं, मग पॅन आलं. कंपनीनं तिला एका दिवसात घेतलं. आता बाईचे पैसे दुसऱ्या दिवशी तिच्याच खात्यात येतात आणि कापतात ते खरंच चहापाण्याइतकं. वादातली रक्कम तेवढी अडवून माझंही खातं नंतर मोकळं केलं. ऑपरेशनचे बाकी पैसे त्यात होते तसे आहेत. सून म्हणते, तुम्ही वापरा. मी म्हणते, तू वापर. कुणीच वापरत नाही. शिपाई अजून खुर्ची देतो. मी उभीच राहते.

तिला मी म्हणाले, पोरी, माहेरी जा, दुसरं लग्न कर, मी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "तिथं नेट चालत न्हाई." खरं कारण तेच आहे की दुसरं, मी विचारलं नाही.

त्या हिरव्या झग्यांच्या दिवसाला आता दीड वर्ष झालं. तेव्हा आम्ही तिघं होतो. माझा मुलगा अडतिसाव्या वर्षी गेला. मी जिवंत आहे, वय त्र्याहत्तर. माझी सून जिवंत आहे, वय बत्तीस.